सम खंय आसा?

आमच्या गावची दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्षातली थंडी, देवळाच्या चौकात अंथरलेल्या हांतऱ्या आणि पहाटेपर्यंत चालणारं भजन. तिन्हीसांजेला जन्म झाला, पाळणा हलवून झाला, तीर्थप्रसाद झाला की बायका-मुलं घरी जायची आणि खरे भजनी तेवढे उरायचे. पेटीवर आणि गाण्याला आमचे बुवा, पखवाजावर माझे बाबा. पाठीमागे टाळ-झांजांची पाच-सहा माणसं. गाव बार्देशातलं, हणजुण्याच्या डोंगराच्या अलीकडचं. डोंगर ओलांडला की वागातोर, आणि वागातोर म्हणजे समुद्र.

१९९४ च्या डिसेंबरातली ती रात्र मला नीट आठवते, कारण त्या वर्षी मी पहिल्यांदा टाळकऱ्यांत बसलो होतो. मध्यरात्र उलटून गेली होती. बुवांनी एक अभंग संपवला, पाण्याचा घोट घ्यायला थांबले, आणि त्या शांततेत डोंगरापलीकडून आवाज आला. धब, धब, धब, धब. खरं तर आवाजही नाही, देवळाच्या फरशीतून पायांना लागणारा एक ठोका. पौर्णिमा आमची होती तशी त्यांचीही होती. आमची दत्तजयंती, त्यांची फुल मून पार्टी. बुवा हसले. बाबांनी मात्र मान तिरकी करून, नवीन बुवाचं गाणं पारखावं तसं ते मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "तालांत आसा रे. पूण सम खंय आसा?"

हे वाक्य पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात चेष्टेचं होऊन बसलं. भाजीत मीठ नसलं की "सम खंय आसा?" निवडणुकीचा निकाल लागला की "सम खंय आसा?" पण बाबांनी ते चेष्टेत म्हटलं नव्हतं. भजनी ठेका आठ मात्रांचा. आठ मात्रा फिरून आल्या की समेवर सगळे एकत्र येतात, तिथे मान डोलते, तिथे गाणारा आणि वाजवणारा एकमेकांकडे पाहतात. पलीकडच्या त्या ठोक्यांत सगळेच ठोके सारखे. प्रत्येक ठोका म्हणजे सम, म्हणजे कुठलाच ठोका सम नाही. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांचा फोटो दर्शनी भिंतीवर लावणारा माणूस तो. हाताने एक, पायाने दुसरा आणि तोंडाने तिसरा ताल धरणारे म्हणून ज्यांची ख्याती, त्या मामांच्या भक्ताला ही धबधब संगीत वाटणं शक्यच नव्हतं.

ज्या संगीताला जगभर 'गोवा ट्रान्स' म्हणतात, ते हे. आपल्यातल्या पुष्कळांना अजूनही वाटतं की हिप्पी आले आणि त्यांनी हे सोबत आणलं. तसं नाही. १९७० च्या सुमारास हणजुण्याला हिप्पी आले तेव्हा किनाऱ्यावर गिटारी होत्या, ढोलकी होती, रॉक होतं. गोवा गिल म्हणून पुढे प्रसिद्ध झालेला अमेरिकन त्याच लाटेतला. तो इथलाच झाला, जुना आखाड्याचा साधूही झाला आणि २०२३ साली गोव्यातच वारला. इलेक्ट्रॉनिक संगीत आलं ते १९८० च्या दशकात, कॅसेटींतून. लॉराँ नावाच्या फ्रेंच डीजेचं नाव त्यात अग्रक्रमाने घेतात. युरोपातल्या रेकॉर्डमधले गाण्याचे शब्द कापून टाकायचे, नुसता ताल आणि यंत्रांचे सूर ठेवायचे, आणि ते रात्रभर जोडत जायचं असा तो प्रकार.

यातली एक गंमत मला फार नंतर कळली. जगभरचे डीजे तेव्हा तबकड्या वाजवायचे. आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत तबकड्या वाकायच्या. म्हणून इथले डीजे आधी कॅसेट आणि मग डॅट नावाच्या छोट्या डिजिटल फितींवर आले. तबकडीचा वेग बोटाने कमी-जास्त करून दोन गाणी ठोक्याला ठोका जुळवता येतात, फितीला ते जमत नाही. मग गाणी रचणाऱ्यांनीच गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनठोक्याचा लांबलचक भाग ठेवायला सुरुवात केली. एक गाणं विरत गेलं की दुसरं हलकेच उगवायचं. म्हणजे आपल्या हवेने त्या संगीताला आलाप दिला असं म्हणायला हरकत नाही. बाबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरं मग, आमच्या हवेचे पैसे कोणी दिले?

१९९४ च्या त्याच डिसेंबरात बीबीसीच्या रेडिओ १ वर पॉल ओकनफोल्डने 'गोवा मिक्स' नावाचा दोन तासांचा कार्यक्रम वाजवला आणि गोवा हा शब्द इंग्लंडात घरोघर संगीताचं नाव म्हणून पोचला. आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. आम्ही आपले डोंगराच्या अलीकडे टाळ कुटत होतो.

पत्ता नव्हता असं मात्र सगळ्यांच्याच बाबतीत म्हणता येणार नाही. गावातल्या बायका डोंगर ओलांडून जात होत्या. पार्टीच्या जागेभोवती हांतऱ्या पसरायच्या, दिवा लावायचा, स्टोव्हवर चहा, आमलेट-पाव, भजी. रात्रभर नाचून दमलेले गोरे त्या हांतरीवर येऊन पडायचे. सकाळी बायका घरी परतायच्या तेव्हा कमरेच्या पिशवीत एका रात्रीची जी कमाई असायची ती आमच्या बाबांच्या पंधरवड्याच्या पगाराएवढी असे. ज्या संगीतावर पुढे एवढी पुस्तकं लिहिली गेली, ते सगळ्यात जास्त तास ऐकलेली माणसं बहुधा आमच्या या मावश्या-काकूच असतील. त्यांना कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही. उलट त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं.

आणि वाकडं पाहण्यासारखं काही नव्हतं असंही नाही. त्या किनाऱ्यावर जी पूड आणि ज्या गोळ्या आल्या त्यांनी गोऱ्यांचीच नव्हे, आमच्यातलीही काही मुलं खाल्ली. माझ्या वर्गातला एक मुलगा, भूमितीत पैकीच्या पैकी घेणारा, तीन वर्षांत ओळखू येईनासा झाला. संगीताचं कौतुक करताना हे विसरायचं नाही, असं मी स्वतःला बजावत आलोय.

मग १९९५ ची दिवाळी आली. तुम्हाला आठवत असेल, २४ ऑक्टोबरला सूर्यग्रहण होतं. उत्तरेत खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. ऐन दिवाळीत ग्रहण म्हणून आईची तारांबळ उडाली होती. फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं, पाण्याच्या भांड्यात दर्भ, आणि आम्हाला ग्रहण सुटेपर्यंत काही तोंडात घालायची बंदी. बाबा पखवाज मांडीवर घेऊन नुसते बसले होते. ग्रहणात जप करतात तसं ते बोटांनी कातड्यावर, आवाज होणार नाही असं, काहीतरी मोजत होते. त्या सकाळची ती त्यांची बोटं या सगळ्या हकिगतीत पुढे परत येणार आहेत.

त्याच हंगामात बुवांनी डोंगरावरचं आपलं काजूचं भाट पार्टीवाल्यांना दिलं. विकलं नव्हतं, हंगामापुरतं दिलं होतं. काजूचं पीक येतं मार्च-एप्रिलात. डिसेंबर-जानेवारीत ती जागा नुसती पडून. बुवांना दोन मुली लग्नाच्या होत्या, मुलगा नोकरीविना होता. आज माझ्या वयाला येऊन बघताना मला त्यात काही गैर दिसत नाही. बाबांना दिसलं. दत्तजयंतीला जो माणूस गातो त्याच्याच जागेतून भजनावर धबधब यावी, हे त्यांना सहन झालं नाही. भांडण असं झालंच नाही. मार्गशीर्षातल्या एकादशीला पखवाजाला कणीक लावून, खोळीत घालून, तो खुंटीला टांगला आणि बाबा म्हणाले, मला बरं वाटत नाही. त्यानंतर बुवांच्या भजनाला त्यांना कधीच बरं वाटलं नाही. जवळजवळ वीस वर्षांची ती सांगत होती.

बुवांनी दुसऱ्या गावचा एक तबलजी धरला. गाणं चालू राहिलं. पण मी टाळकऱ्यांत बसून पाहायचो, समेवर आले की बुवांची मान सवयीने डावीकडे वळायची, जिथे बाबा बसत तिथे. मग ती तशीच परत सरळ व्हायची.

पुढच्या गोष्टी तुम्हाला माहीतच आहेत. २००० साली केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले; रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. २००५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, तेही मध्यरात्रीपर्यंतच, राज्याला सूट देता येते. आम्ही आनंदलो. वाटलं, सुटलो एकदाचे त्या धबधबीतून. आणि पहिल्याच जत्रेला, दशावतारी काला नुकता कुठे रंगत होता, संकासुर प्रेक्षकांत शिरून पोरांना घाबरवत होता, तेव्हा जीप आली. कोणीतरी तक्रार केली होती. त्या शिपायांचा दोष नव्हता, ते बिचारे ओशाळूनच उभे होते. कायद्याला कसं कळणार की हा आवाज डोंगराच्या पलीकडचा की अलीकडचा? ज्या नाटकाला रात्र हीच रंगभूमी, ते दहा वाजता संपवायचं कसं, हा प्रश्न तेव्हापासून आपले नाटकवाले आणि तियात्रवाले दोघेही विचारताहेत. डोंगरापलीकडचे लोक बंद दाराआड गेले, उंच भिंतींच्या क्लबांत गेले. आमच्या काल्याला भिंती नव्हत्या.

बुवा त्याआधीच, २००३ साली गेले. बाबा स्मशानात गेले होते. तेराव्यानंतरच्या भजनाला मात्र गेले नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझा भाचा २०१३ च्या मे महिन्यात पुण्याहून सुट्टीला आमच्याकडे आला. ध्वनिमुद्रणाचं शिकत होता तो. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले नसले तरी घराबाहेर पडत नव्हते. दिवसभर खिडकीपाशी आरामखुर्चीत. भाच्याच्या कानाला अष्टौप्रहर हेडफोन. एका दुपारी तो मला म्हणाला, "मामा, तूं बार्देसचो न्हय? तुका श्पाँगल खबर ना?"

मला खबर नव्हतं. मग त्याने मला दोन माणसांची गोष्ट सांगितली, आणि ती मी पुढे शोधून, वाचून पुरी केली.

एक म्हातारा आणि एक तरुण. म्हाताऱ्याचं खरं नाव रोनाल्ड रॉथफील्ड, मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन, पण जग त्याला राजाराम म्हणतं. १९६९ साली लंडनच्या नॉटिंग हिल भागात 'क्विंटेसन्स' नावाचा एक बँड निघाला, त्यात हा बासरी वाजवायचा. एका स्वामींच्या प्रभावाखाली त्या बँडमधल्यांनी हिंदू नावं घेतली होती. एक शिवा, एक महादेव, हा राजाराम. पुढे किती वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, हा गृहस्थ ट्रान्सच्या जगात शिरला आणि १९९४ साली दोघा मित्रांसोबत टिप रेकॉर्ड्स नावाची कंपनी काढून बसला. तरुण तो सायमन पॉसफर्ड, १९७१ चा जन्म. यूथ नावाच्या संगीतकाराच्या लंडनमधल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाची उमेदवारी केलेला. १९९५ साली त्याने 'हॅल्यूसिनोजेन' या नावाने 'ट्विस्टेड' नावाचा अल्बम काढला, आणि जाणकार तो गोवा ट्रान्सच्या शिखरांपैकी एक मानतात. दोघांच्या वयात तीसएक वर्षांचं अंतर. बाप-लेकाएवढं.

या दोघांनी एकत्र येऊन जे केलं त्याचं नाव श्पाँगल. शब्दाला अर्थ नाही. राजारामने आनंदाच्या सगळ्या छटांसाठी तो घडवला. आणि त्यांच्या जोडीची सुरुवात ज्या रचनेने झाली, तिची कूळकथा ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. दोघांनी भारतात सूर्यग्रहण पाहिलं. ते पाहिल्यावर त्याचं संगीत करायचं ठरलं. दिवसाची रात्र झाली अशा अर्थाचं त्या रचनेचं नाव आहे. वीस मिनिटांना अवघे काही सेकंद कमी. १९९८ साली निघालेल्या 'आर यू श्पाँगल्ड?' या त्यांच्या पहिल्या अल्बमची ती शेवटची रचना. सात रचना सगळ्या मिळून. त्यानंतर २००१, २००५, २००९, २०१३ आणि २०१७ साली मिळून आणखी पाच अल्बम त्यांनी काढले. दोन माणसांची सांगत इतकी वर्षं टिकणं म्हणजे काय ते भजनी लोकांना सांगायला नको.

या जोडीत कोण काय करतं? यंत्रं सगळी पॉसफर्डची. राजाराम येतो तो बासरी आणि कल्पना घेऊन. कुठे कुठे फिरताना सुचलेली चित्रं, दृश्यं, शब्द तो सांगत जातो, मनाला येईल तसं वाजवतो, आणि ते मुद्रित होतं. मग तो तरुण त्या वाजवण्याचे तुकडे करतो. एखादा सूर उलटा फिरवतो, एखाद्याचा प्रतिध्वनी एवढा लांबवतो की मूळ सूर संपून गेल्यावरही तो घुमत राहतो. म्हाताऱ्याने पाच मिनिटं वाजवलेल्यातलं कदाचित अर्धं मिनिट राहतं. पहिल्यांदा ऐकून मला हे जरा क्रूरच वाटलं. आपल्याकडच्या जुगलबंदीत दोघे समोरासमोर असतात. एकाने तान घेतली की दुसरा तिथल्या तिथे उत्तर देतो, चुकला तर आपल्या समोर चुकतो. इथे एकजण आपलं वाजवणं दुसऱ्याच्या कात्रीखाली ठेवून घरी जातो. भाचा म्हणाला, म्हणूनच तर मामा, विश्वास लागतो.

आणि हे गोवा ट्रान्स म्हणावं तर तसं नव्हतंही. डोंगरापलीकडची धबधब मिनिटाला एकशे चाळीस-पंचेचाळीस ठोक्यांची. हे त्याहून बरंच सावकाश. नाचून झाल्यावर, सूर्य उगवल्यावर, हांतरीवर पडून ऐकायचं संगीत म्हणा ना.

भाच्याने ते स्पीकरवर लावलं, मला ऐकवायला. बाबा खिडकीशी होते, झोपलेत असं आम्हाला वाटलं. त्यांना कानाने तेव्हा कमीच ऐकू यायचं. स्पीकर होता त्यांच्या खुर्चीलगतच्या मेजावर. चार-पाच मिनिटांनी माझं लक्ष गेलं, तर बाबांचा हात मेजावर पालथा ठेवलेला. ते हाताने ऐकत होते. आणि मग बोटं हलायला लागली. आवाज होणार नाही अशी. ग्रहणाच्या सकाळी हलत होती तशीच.

मी मोजलं. आठ. चार-चार ठोक्यांच्या दोन फेऱ्या, म्हणजे आमच्या भजनी ठेक्याच्या आठ मात्रा. इतक्या वर्षांत हे साधं गणित मला का सुचलं नव्हतं कोणास ठाऊक. आठव्यानंतर त्यांचा तळवा किंचित उचलला जायचा आणि मेजावर टेकायचा. त्यांनी सम ठरवून टाकली होती. संगीतात ती होती की नाही हा प्रश्न वेगळा.

बासरी आली तेव्हा ते म्हणाले, "ही वेळूची न्हय." खरं होतं. राजारामची बासरी धातूची, विलायती. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. भाच्याने आवाज कमी करायला हात पुढे केला तर त्याला खुणेने थांबवलं. बासरी थांबायची, खालचा ठोकाही विरळ व्हायचा, कुठूनतरी पाण्यासारखं काही वाहायचं, पुन्हा बासरी यायची. रचना संपल्यावर त्यांनी विचारलं, किती जण? मी म्हटलं, मुख्य दोघे. कोण कोण? मी सांगितलं, बासरीवाला म्हातारा आहे, तुमच्यापेक्षा थोडा लहान असेल, आणि यंत्रावरचा त्याच्या मुलाच्या वयाचा. एकत्र किती वर्षं? म्हटलं, वीसच्या आसपास.

वीस हा आकडा माझ्या तोंडून गेला आणि मलाच कसंतरी झालं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "हो भुरगो रावता. म्हाताऱ्याक जागो दिता."

हा पोरगा थांबतो, म्हाताऱ्याला जागा देतो. आमच्या कोकणीत जागो म्हणजे गाण्यातली जागाही आणि जमिनीचा तुकडाही. मी आजपर्यंत त्या वाक्याशी खेळत आलोय आणि मला ठरवता आलेलं नाही की ते पॉसफर्डबद्दल बोलत होते, की पखवाज्याने गाणाऱ्यासाठी कसं थांबावं याबद्दल, की डोंगरावरच्या काजूच्या भाटाबद्दल. विचारण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी फक्त भाच्याला सांगितलं, तो खुंटीवरचा काढ.

पखवाज काढला. खोळीला वाळवीची माती, एका बाजूच्या वाद्या कुरतडलेल्या. शाईच्या बाजूची पुडी सैल पडलेली, तिथून आवाज निघणं शक्यच नव्हतं. पण डावी बाजू धड होती. आईने कणीक भिजवून आणली. बाबांनी ती डाव्या पुडीवर थापली, पाण्याचं बोट फिरवून पुन्हा थापली, कडेने निपटली. दहा मिनिटं नुसतं तेच. मग हात उचलून एक आघात दिला. खोल, जाड, जमिनीखालून आल्यासारखा. भाच्याने फोन पुढे धरला होता. पुढे पाच-सहा आघात झाले, मग हात दुखतो म्हणाले. बस्स, तेवढंच. पुढच्या वर्षी पावसाळ्यात बाबा गेले.

मी भाबडेपणाने असं म्हणणार नाही की त्या दुपारी त्यांचं मन पालटलं. दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका हॉटेलात कुणाच्या वाढदिवसाला डीजे लागला तेव्हा त्यांनी त्या डीजेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि मीही काही ट्रान्सचा भक्त झालो नाही. श्पाँगलचं संगीत मला आवडतं ते तुकड्यातुकड्यांनी. त्यात आपल्याकडचे सूर, आफ्रिकेतले, दक्षिण अमेरिकेतले, कुठकुठले आवाज ज्या सढळ हाताने टाकलेत ते कधी फार सुंदर होतं आणि कधी पर्यटकाच्या बॅगेसारखं. प्रत्येक देशातून एक वस्तू. एका रचनेच्या नावाची आद्याक्षरं थेट एका नशेच्या द्रव्याचं नाव सांगतात, तिथे मला माझा तो भूमितीवाला मित्र आठवतो आणि मी पुढची रचना लावतो. पण ग्रहणाची ती वीस मिनिटं मी वर्षातून एकदा तरी पूर्ण ऐकतो.

हे सगळं आज लिहायचं कारण असं. भाचा आता पुण्यात एका स्टुडिओत काम करतो. त्याने आणि त्याच्या नगरच्या एका मित्राने मिळून एक नवीन रचना केली आहे आणि गेल्या महिन्यात मला फोनवर पाठवली. इलेक्ट्रॉनिकच, नाचायची, मिनिटाला एकशे वीस-बावीस ठोक्यांची. दोघांची वाटणी त्याने मला समजावून सांगितली. ठोका आणि खालचा खर्ज मित्राचा, वरचं सगळं याचं. फाईल पुणे-नगर अशी सहा महिने येत-जात होती. एकाने घातलेलं दुसऱ्याने काढायचं, मग फोनवर वाद, मग दोन आठवडे अबोला, मग पुन्हा फाईल. मी विचारलं, अबोला कशावरून? म्हणाला, तो गप्पच बसत नाही मामा, सगळीकडे ठोका भरतो.

तिसऱ्या मिनिटाला बाबांचा आघात आहे. फोनवर घेतलेला, त्यात मागे आमच्या घरच्या पंख्याची घरघर होती, ती त्यांनी साफ केली म्हणे. मला ती राहिली असती तर बरं वाटलं असतं. तो आघात प्रत्येक ठोक्यावर नाही. मी मोजून पाहिलं, आठ मात्रांनी एकदा येतो. ते कोणी सुचवलं असं मी विचारलं नाही.

पण त्या आघातानंतर, त्याच्यावर, एक मोकळी जागा आहे. आठ मात्रांच्या चार फेऱ्या नुसता ठोका आणि पखवाज. ऐकताना असं वाटतं की आता कोणीतरी गाणार. भाचा म्हणतो, तिथे आम्हाला आवाज हवाय, सापडत नाही. स्टुडिओत दोन गायक बोलावून पाहिले, ते फार सुरेख गातात म्हणून जमत नाही. मग त्याने मला विचारलं, आजोबा ज्यांच्याबरोबर वाजवायचे त्यांचं काही रेकॉर्डिंग नाही का?

आहे. १९९२-९३ ची एक कॅसेट आहे. देवळातल्या भजनाची, बुवांच्या मुलानेच टेपरेकॉर्डर पुढे ठेवून घेतलेली. मी तेव्हा ती त्यांच्या घरी ऐकली होती. बुवांचा आवाज, पेटीचा भाता फाटका, आणि खाली बाबा. त्यांच्या घरात ती अजून असेल तर असेल. काजूच्या भाटात आता खोल्या बांधल्या आहेत, दिल्ली-बंगळुरूकडची माणसं येऊन राहतात. घर मात्र तेच आहे, खालच्या बाजूला. बुवांचा मुलगा रस्त्यात भेटला की आम्ही हात वर करतो, एवढाच आमचा संबंध राहिला आहे.

गेल्या रविवारी मी त्यांच्या पेळेपर्यंत गेलो होतो. अंगणात त्यांची सून तांदूळ वाळत घालत होती. ती म्हणाली, ते म्हापशाला गेलेत, सांजेला येतील, काय काम होतं? मी म्हटलं, काही नाही, असंच. येतो परत.